चाखायचा चमचा

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकीट दिसलं की फोडल्याशिवाय तुला राहवत नाही. लहानपणी तू शेजाऱ्यांचीसुद्धा फोडायचीस आणि मार मला बसायचा. तेव्हा वाच. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, नाहीतरी आपल्या घरात बोलायचं काम मीच करते.

तुझा राग कशाचा आहे ते तुझ्या नवऱ्याने सांगितलं. इतक्या दबक्या आवाजात बोलत होता की तू शेजारच्या खोलीत आहेस हे न सांगता कळलं. तुला न विचारता मी इस्पितळात गेले, मोठ्या डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसले आणि "माझ्या लिव्हरचा तुकडा काढा आणि माझ्या बहिणीला बसवा" असं सांगून आले. गेले होते, खोटं कशाला बोलू? विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग विचारून उपयोग काय?

"आई गेल्यापासून ताईने माझी शाळा ठरवली, माझी वेणी ठरवली, माझं लग्न मोडायला निघाली होती. आता तिला माझ्या पोटातच येऊन बसायचंय." हे तुझे शब्द. नवरा प्रामाणिक आहे तुझा, एकही गाळला नाही. लग्नाबद्दल एवढंच म्हणते, की लोकांना गाडी शिकवून शिकवून ज्याची अशी गत झालीय की जेवताना कुणी झटकन वाटी उचलली तरी टेबलाखाली त्याचा पाय ब्रेक दाबतो, त्या माणसाबद्दल मोठ्या बहिणीला शंका आली तर नवल नाही. सोन्यासारखा निघाला, मान्य. पण ते आधी कुठे लिहिलेलं असतं?

आता मुद्द्याचं. मला यातलं काही कळत नाही असं समजू नकोस, मी डॉक्टरांना सगळं दोनदा सांगायला लावलं. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या तुझ्या नळ्या वर्षानुवर्षं आतून सुजतायत, आकसतायत, बुजतायत. पित्त पुढे सरकत नाही, तिथेच तुंबतं आणि यकृताची वाट लावतं. डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालून नळी रुंद करतात, चार दिवस बरे जातात, मग पुन्हा थंडी वाजून ताप. आणि ती खाज. तुझ्या उशीखाली मी भांडी घासायचा ब्रश पाहिला होता आणि हिला संसार कधी कळणार म्हणून हसले होते. त्या ब्रशने तू पाय खाजवतेस हे मला त्या इस्पितळात कळलं.

मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळायची यादी असते, तिथे नंबर रक्ताच्या आकड्यांवर लागतो. तुझे आकडे ना धड इकडचे, ना धड तिकडचे. झोप नाही, अंगात त्राण नाही, कातडी सोलून निघालीय, याला आकडा नाही. म्हणजे नंबर लागावा म्हणून तू आणखी बिघडायची वाट बघायची. जिवंत माणसाने तुकडा दिला तर यादीची गरज नाही, आणि मागाहून दोघींचंही वाढतं, पालीची शेपटी वाढते तसं. आपला रक्तगट एकच आहे. अडलंय ते फक्त तुझ्या नाकावरच्या रागापाशी.

तुझी (तू मान अगर नको मानूस),
ताई


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं उत्तर मिळालं. "नको." एवढा मोठा कागद आणि त्यावर एक शब्द. शाळेत खेळाच्या बाई झाल्यापासून तू शिट्टी फुंकल्यासारखंच लिहितेस. ठीक आहे, नको तर नको. जबरदस्ती करणारी मी कोण?

मी सध्या काही तपासण्या करून घेते आहे, पण त्यांचा तुझ्याशी संबंध नाही. या वयात बाईने स्वतःकडे लक्ष द्यावं असं सगळेच सांगतात. त्यात पोटाचे फोटोही काढले. काढणारे तुझेच मोठे डॉक्टर निघाले, हा आपला योगायोग.

ते म्हणाले, "तुमच्या यकृतात बरीच चरबी आहे. असं यकृत आम्ही घेत नाही."

मी म्हटलं, "मग चरबी बाजूला काढा ना. मी मांसाची रोज काढते."

ते हसले नाहीत. ती वरवर नसते, म्हणाले, पिठात मळलेल्या लोण्यासारखी आतपर्यंत मुरलेली असते. अशा यकृताचा तुकडा काढला तर तो बहिणीलाही पुरायचा नाही आणि उरलेला तुम्हालाही.

भिंगरे, बुटांच्या कारखान्यातल्या कँटीनची मी मुख्य स्वयंपाकीण. शेकडो माणसं रोज माझ्या हातचं खातात आणि पावाने ताट पुसून परत देतात. माझ्या कुठल्या वस्तूला आजवर कुणी "आम्ही घेत नाही" म्हटलं नव्हतं. मला इतकं लागलं की मी डॉक्टरांचा निरोपही घेतला नाही.

बाहेर आहार ठरवून देणाऱ्या बाई बसतात. स्वतः काडीपैलवान. लोणी बंद, साखर बंद, तळलेलं बंद, रोज भरभर चालायचं. वजन उतरलं की यकृतातली चरबी आधी उतरते, म्हणाल्या, काही महिन्यांत साफ झालेली यकृतं त्यांनी पाहिली आहेत. हे ऐकल्यावर मी बसची वाट न बघता चालत घरी आले. पायाला फोड आले, पण जीव हलका झाला.

तुझ्यासाठी चालत नाही मी, गैरसमज नको. गोळ्या वेळेवर घे.

ताई


१८ एप्रिल

भिंगरे,

आज तुझ्यावर नाही, सगळ्या जगावर चिडून लिहिते आहे.

परवा पुन्हा फोटो काढले. चरबी तसूभर हलली नव्हती. सकाळी कोरा चहा, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री वाटीभर मसूर, आणि कारखान्याला इतक्या फेऱ्या की फाटकावरचा पहारेकरी मला सलाम करून करून कंटाळला. आणि फळ काय? डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर तुमचा विचार सोडून द्यावा लागेल. आहारवाल्या बाईंनी तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की चोरून दूध प्यालेल्या मांजराकडेही कुणी तसं बघत नसेल. "खरंच काही जास्तीचं खात नाही ना तुम्ही?" मी शपथ घेतली. खोटी नव्हती ती, हे आधी लक्षात घे.

काल सकाळी रक्त द्यायचं होतं, रिकाम्या पोटी. मी कामगारांच्या न्याहारीचं सगळं लावून दिलं आणि धावतपळत पोचले. रक्त घेणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"पाण्याचा थेंब नाही."

"नक्की ना?"

"अहो नक्की. नुसतं चाखलंय."

त्यांची सुई हवेतच राहिली. "काय चाखलंय?"

"लापशी. सूप. मग मीठ घालून पुन्हा सूप. कस्टर्ड लागलंय का तेवढं बघितलं. आणि कांदा परतला होता त्यातला चिमूटभर."

"म्हणजे खाल्लंत."

"खाल्लं नाही हो, चाखलं!"

मी त्यांना समजवायला गेले. आमच्या धंद्यात चाखणं हे खाण्यात धरतच नाहीत. गवंडी भिंतीवर हात फिरवून बघतो, तेव्हा त्याने भिंत खाल्ली असं कुणी म्हणतं का? हसता हसता त्यांना खुर्ची धरावी लागली, मग त्यांनी आहारवाल्या बाईंना बोलावून आणलं. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या एक करा. जितक्या वेळा चाखाल, तितक्या वेळा तेवढंच एका पातेल्यात ओतत जा. संध्याकाळी बघा."

आज बघितलं. पातेलं काठोकाठ. मलईचं सूप, रस्सा, कस्टर्ड, लोण्यातला कांदा, सगळं एकमेकांत कालवलेलं. दोन धट्टीकट्टी माणसं त्यात जेवली असती. हे सगळं मी रोज गिळत होते आणि वर उकडलेलं गाजर खाऊन उपाशी असल्याचं दुःख करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पातेलं घेऊन मी मागच्या पायरीवर बसले आणि आधी हसले, मग रडले. इतके आठवडे फुकट गेले आणि दिवस तर तुझ्या अंगावरून जातायत.

उद्यापासून माझा चाखायचा चमचा दुय्यम स्वयंपाकिणीकडे देणार. तुला ठाऊक आहे तो, एप्रनच्या नाडीला लटकवलेला. आमच्यात तो ज्याच्याकडे असतो त्याचं स्वयंपाकघर असतं. माझ्या आधीच्या मुख्य स्वयंपाक्याने निवृत्त होताना तो माझ्या हातात दिला होता, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेलेला नाही.

हे सगळं माझ्या तब्येतीसाठी चाललंय, हे पुन्हा सांगून ठेवते.

ताई


२२ मे

भिंगरे,

सूप बिघडलं.

एकदा नाही, लागोपाठ दोनदा. आमच्या कारखान्यात जेवण बिघडलं की कामगार तोंडाने काही बोलत नाहीत, ताटावर चमचा वाजवतात. एकाने सुरू केलं की सगळं कँटीन वाजतं. माझ्या हाताखाली कधी एक ताट वाजलं नव्हतं. या मंगळवारी सगळी वाजली. मी भट्टीपाशी उभी होते, तिथून हलायचं धाडस झालं नाही.

मीठ दुप्पट पडलं होतं. आणि गंमत बघ, दुय्यमने ते चाखलं होतं! मी विचारलं होतं, "कसं आहे?" ती म्हणाली होती, "छान आहे, बाई." मी तिला कोपऱ्यात घेतलं. "तुला खारट लागलं नाही?" ती म्हणाली, "लागलं की. पण तुमच्या सुपाला खारट म्हणायची माझी काय बिशाद?" तिने आजवर माझ्यासमोर "हो बाई" शिवाय दुसरं वाक्य बोललेलं मला आठवेना. मी तिला सांगितलं, आजपासून खारट असेल तर खारट म्हणायचं, नाहीतर चमचा काढून घेईन. दुसऱ्या दिवशी घाबरून तिने उलट केलं, चांगल्या सुपाला अळणी म्हणाली आणि मी त्यात आणखी मीठ ओतलं.

त्या दिवशी मी कानांत बोटं घालायच्या तयारीत उभी होते. पण ताटं वाजली नाहीत. सगळे मान खाली घालून ते खारट सूप पीत होते, घोटाघोटाला पाणी घेत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की बाई का चाखत नाहीत. दुय्यमचंच काम असणार. शिलाई विभागातला एक राकट माणूस रिकामा वाडगा घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, आणखी आहे का?" मला तोंड फिरवून कोठीत जावं लागलं.

तुझा नवरा तुझे कागद दाखवायला आला होता, त्यालाही तेच वाढलं. मी विचारलं कसं झालंय. "उत्तम," म्हणाला, आणि टेबलाखाली ब्रेक दाबला.

त्याने सांगितलं, की तुला पुन्हा ताप येऊन गेला, चार दिवस इस्पितळात होतीस, आणि आता जिना चढताना मध्ये बसतेस. तू, जी मैदानाच्या या टोकावरून ओरडलीस तर त्या टोकाची पोरं थिजायची. भिंगरे, आता सोंग पुरे. मी हे माझ्या तब्येतीसाठी करत नाही. तुझ्यासाठी करते आहे, तुला हवं असो वा नसो. माझं वजन उतरलंय, एप्रनची नाडी आता दोन वेढे घेते. डॉक्टरांनी पुढच्या फोटोची तारीख दिलीय. यकृत तयार होईलही, पण तू हो म्हटल्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. आणि तुला हो म्हणायला लावायची एकही युक्ती माझ्याकडे उरलेली नाही. मला तू हवी आहेस. बस, एवढंच.

ताई


३ जून

ताई,

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिते आहे. हात दुखतो.

नवरा त्या दिवशी तुझ्याकडून घरी आला आणि चहा न घेता पाणी पीत बसला. मी म्हटलं काय झालं. म्हणाला, "तुझ्या ताईचं सूप खारट होतं." मी म्हटलं, खोटं. म्हणाला, "समुद्र होता नुसता."

मला आधी पटेचना. तापात असताना, कुणाशी बोलत नसताना, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा तुझ्या सुपाचं मीठ कधी चुकलं नव्हतं. तू चुकत नाहीस हेच तर मला लहानपणापासून सहन होत नाही. मग त्याने चमच्याचं सांगितलं, ताटं वाजल्याचं सांगितलं. मी हसले. बरगड्या दुखेपर्यंत हसले आणि मग उशीत तोंड खुपसून रडले.

तू इस्पितळात जाऊन माझा निकाल लावून आलीस तेव्हा मला वाटलं, हे तुझं नेहमीचंच. द्यायचं तर तुला, मिरवायचं तर तुला. पण लोकांसमोर सूप बिघडू दिलंस म्हणजे तू खरंच काहीतरी देते आहेस.

हो.

माझी एक अट आहे. बरी झाल्यावर मी काय करायचं ते मी ठरवणार. पोटात तुझा तुकडा आहे म्हणून तिथून हुकूम सोडायचे नाहीत. लेखी कबूल कर.

मला भीती वाटते, ताई. माझी नाही, तुझी. तू धडधाकट आहेस आणि तुला कापणार आहेत.

भिंगरी


९ जून

कबूल. कबूल. कबूल.

ताई


१० ऑगस्ट

भिंगरे,

मी तिसऱ्या मजल्यावर, तू पाचव्यावर. हा कागद तुझा नवरा जिन्याने वर आणेल, लिफ्टवर त्याचा विश्वास नाही, तिला ब्रेक कोण मारतं ते त्याला दिसत नाही म्हणे.

फोटोचं तुला त्याने सांगितलंच असेल, पण मला माझ्या तोंडाने सांगायचंय. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात माझं यकृत पांढुरकं, फुगलेलं. दुसऱ्यात असं स्वच्छ की मला स्वतःला ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, "आता घेऊ." मी म्हटलं, "आता मी देईन की नाही ते विचारा." या वेळी ते हसले, बाई! त्यांना हसता येतं. मी बाहेर येऊन आहारवाल्या बाईंना उचललं, खरोखर उचललं, वजन आहे कुठे त्यांना.

मग एका वेगळ्या बाईंनी मला एकटीला बसवून विचारलं, की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? घरच्यांनी भरीस घातलंय का? शेवटच्या क्षणी नको वाटलं तर आम्ही काहीतरी वैद्यकीय कारण सांगू, बहिणीला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, "अहो, आमच्या घरात दबाव टाकायचं खातं माझ्याकडे आहे." त्यांनी ते लिहून घेतलं की काय कोण जाणे.

पण खरं सांगू? मलाही भीती वाटते. पोटावर खूण करून गेलेत, उजवीकडचा मोठा भाग. भट्टीपाशी मी कधी घाबरले नाही, पण इथे सगळं इतकं पांढरं आहे आणि कशाला वासच नाही. दुय्यम भेटायला आली होती. कारखान्यातल्या सगळ्यांचा निरोप घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, कालचं सूप अळणी होतं, मी तसं सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं." कुणाला, तर स्वतःला! तिनेच केलं होतं ते. आता तिची काळजी नाही.

तुझी आठवण येते, दोन मजले वर असून. उद्या आत नेताना कदाचित आपली गाठ पडायची नाही. मी आधी जाणार, तू नंतर. लहानपणी अंधाऱ्या बोळातून जाताना असायचं तसं.

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

खाज गेली.

हे मी तुला सगळ्यांत आधी लिहिते आहे, डॉक्टरांनासुद्धा अजून नीट सांगितलेलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा नळ्या, टाके, वेदना सगळं होतं. पण काहीतरी नव्हतं, आणि काय नव्हतं ते कळायला मला बराच वेळ लागला. आज नर्सने चादर बदलली. काढलेल्या चादरीवर रक्ताचा एक ठिपका नाही. मी माझी नखं बघत बसले होते, त्यांना आता काही कामच उरलं नाही.

आणि मी झोपले. इतकी, की नवरा घाबरला आणि मी आहे की गेले ते बघायला त्याने मला हलवून उठवलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आरसा आणवला. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा आहे, ताई.

मोठे डॉक्टर म्हणाले, माझ्या जुन्या नळ्यांचा त्यांनी भरवसाच धरला नाही, तुझ्या तुकड्याची नळी सरळ आतड्याला जोडली. त्यात रक्त सुरू केलं आणि तिथल्या तिथे, टेबलावरच, त्यातून सोनेरी पित्त वाहायला लागलं. खोलीतले सगळे एकदम "आहाहा" म्हणाले म्हणे. कामाला लागायला त्याने कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, तुझंच आहे ते.

तू कशी आहेस? खरं लिही.

भिंगरी


१६ ऑगस्ट, दुपार

भिंगरे,

खरं लिहिते. हसले की टाके ओढतात, खोकले की जीव जातो, आणि तुझा कागद वाचल्यावर दोन्ही एकदम झालं. इथलं सूप अळणी आहे. मी ताटावर चमचा वाजवला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही वाजवला. नर्स धावत आली. मजा आली.

पुन्हा एकदा लिहून पाठव ना, की खाज गेली.

ताई


१५ मार्च

भिंगरे,

तुझं घर माझ्यापासून बसने थोड्याच अंतरावर आहे आणि आता तू फोनही उचलतेस, तरी हे पत्रच लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

काल तुझा शाळेत परतल्याचा पहिला दिवस. मी येणार नव्हते. कबूल केलं होतं आणि लेखी दिलं होतं, सगळं मला पाठ आहे. पण सकाळपासून ऊन कडक होतं आणि डॉक्टरांनी तुला बजावलंय, या औषधांवर असताना उन्हात उघड्या डोक्याने फिरायचं नाही. म्हणून मी टोपी घेऊन निघाले. आत येणार नव्हते, कुंपणावरून देऊन जाणार होते.

कुंपणावरून काय दिसलं, तर तू पळत होतीस. पोरांच्या पुढे, शिट्टी तोंडात, मैदानाच्या कडेकडेने. मी तुला पळताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला आणि नाही आठवलं. मग मला धीर धरवला नाही. मी फाटकातून आत आले, तुझ्या पोरांना थांबवलं आणि म्हटलं, "बाईंना जरा सावलीत बसू द्या, त्यांचं मोठं ऑपरेशन झालंय." आणि एका मुलीला पाणी आणायला पिटाळलं.

तू वळलीस. तोंडातली शिट्टी काढलीस.

"ताई! माझ्या मैदानावरून बाहेर हो! आत्ताच्या आत्ता!"

भिंगरे, काय आवाज होता तो! शिपाई खोलीतून बाहेर आला. पलीकडच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. पोरं थिजली. मीसुद्धा थिजले, आणि मी काही कुणाच्या ओरडण्याने थिजणारी बाई नाही. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. "माझं लग्न, माझी वेणी, माझं ऊन, माझी टोपी," सगळं काढलंस. दम न खाता, एकदाही खाली न बसता. पंचवीस पोरांसमोर माझी शोभा केलीस.

मी बाहेर आले. रस्त्यावर तुझ्या नवऱ्याची शिकाऊ गाडी उभी होती, स्टीअरिंगवर एक घाबरलेला विद्यार्थी, आणि शेजारी तुझा नवरा, दोन्ही हातांनी डोळे पुसत. त्याने रस्त्यावरून तुझा आवाज ऐकला होता आणि गाडी थांबवली होती. "ताई," म्हणाला, "ऐकलंत?" मी म्हटलं, "अर्ध्या गावाने ऐकलं." "किती वर्षांनी," म्हणाला, आणि पुन्हा डोळे पुसायला लागला. तो विद्यार्थी बिचारा आमच्याकडे बघत राहिला, कुणी मेलंय की काय म्हणून.

तेव्हा मला कळलं. तू गप्प बसायचीस, फोन घ्यायची नाहीस, एका शब्दाचं पत्र पाठवायचीस, आणि मी म्हणायचे, भिंगरी रागावलीय. तू नुसती रागावली नव्हतीस गं. भांडायलासुद्धा अंगात रक्त लागतं, आणि ते तुझ्याकडे नव्हतं. किती वर्षं तू माझ्यावर ओरडायचं बाकी ठेवलं होतंस! काल सगळं एकदम काढलंस, पार पोटातून.

मी घरी येईपर्यंत बसमध्ये हसत होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

टोपी माझ्याकडेच राहिली आहे. उद्या पुन्हा येते. हाकल मला.

ताई